शनिवारची जागा

साडेचार वाजले होते. सूर्य वर यायला अजून अवकाश होता, पण जूनमधली इथली पहाट लवकर फटफटते. विळ्याचं पातं आणि मेथीचे देठ वेगवेगळे दिसू लागले होते. तेवढा उजेड कुंदाला पुरे होता. ती वाफ्यात उकिडवी बसून डाव्या मुठीत मेथी धरत होती आणि मातीलगत कापत पुढे सरकत होती. दहिवराने बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. बावन्नाव्या वर्षी असं बसून सरकायचं म्हणजे दर चार हातांवर गुडघा ठणकायचा. मग ती एक गुडघा मातीत टेकायची आणि तशीच पुढे जायची.

पलीकडच्या बांधावर तिचा नवरा वासुदेव क्रेट रचत होता.

"अगं, पालकाचे सहा क्रेट धरलेत मी. जास्त होतील का?"

"बसतील तेवढे भरा. आज मागं काही ठेवायचं नाही."

"आणि विकलं गेलं नाही तर?"

कुंदाने विळा थांबवला नाही. या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. आज माल विकला गेला नाही, तर हे शेतच राहणार नव्हतं.

शेत फ्राऊ हेगेले या म्हाताऱ्या बाईंचं होतं. जर्मनीतल्या नेकारसुल्मपासून पंधरा किलोमीटरवरच्या या गावात पाऊण एकर काळी जमीन, एक विहीर आणि अवजारांची एक लाकडी खोली. चाळीस वर्षं बाई इथला भाजीपाला शनिवारच्या बाजारात नेऊन विकत होत्या. कुंदाने तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडून दोन वाफे मागून घेतले, कोथिंबीर लावायला. पुढे बाईंना खुरपणीला मदत करू लागली. शाळेच्या कँटीनमधलं भांड्यांचं काम आटोपलं की सायकल काढून ती थेट शेतावर यायची. हिवाळ्यात बाई अंगणातल्या बर्फावर घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा सगळं शेत कुंदाच्या अंगावर आलं. त्याच हिवाळ्यात वासुदेवची कंपनी बंद झाली. गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या खात्यात सतरा वर्षं काढलेला माणूस घरी बसला. दिवसभर लॅपटॉपवर अर्ज पाठवायचा आणि संध्याकाळी कुणाशी बोलायचा नाही. एप्रिलमध्ये एकदा कुंदा त्याला म्हणाली, अहो, पंप बिघडलाय, बघा जरा. तो पंप बघायला म्हणून जो शेतावर आला, तो रोजच येऊ लागला.

मग मे महिन्यात, इथले शेतकरी दरवर्षी ज्यांची धास्ती घेतात त्या कडाक्याच्या थंडीच्या तीन रात्री आल्या. घेवडा काळा पडला, टोमॅटोची रोपं गेली. पांढरं कापड अंथरून जेवढं झाकता आलं तेवढंच वाचलं: मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळे, नवलकोल आणि वाटाणा. त्यावर पाऊस नाही. चार आठवडे दोघांनी नळी ओढून ओढून वाफे ओले ठेवले. आणि नेमका तेव्हाच फ्राऊ हेगेलेंचा पुतण्या उगवला. त्याला ती जमीन मक्याला द्यायची होती. म्हाताऱ्या बाईंनी दोघांसमोर त्याला सांगितलं, "बाजारातली माझी जागा हिला मिळाली, तर शेत हिच्याकडे राहील. नाही मिळाली तर तुझा मका लाव."

जागा देणं बाजारप्रमुखाच्या हातात होतं. त्याने एक शनिवार दिला होता. प्रयोगाचा दिवस, असं पत्रात लिहिलं होतं. गिऱ्हाईक आलं, नियम पाळले गेले, तर हंगामभराची जागा. तो शनिवार आजचा.

*

सहा वाजता त्यांची गाडी चर्चसमोरच्या दगडी चौकात शिरली. फ्राऊ हेगेलेंची जुनी जागा कारंज्याजवळ होती, पण ती आज त्यांना नव्हती. त्यांना टोक दिलं होतं, काचेच्या बाटल्या टाकायच्या पिंपांशेजारी, तीन मीटर. पिंपांमधून आंबलेल्या बिअरचा वास येत होता.

शेजारी त्सोलर नावाचा दांडगा माणूस शतावरी आणि स्ट्रॉबेरी मांडत होता. त्याने मान वर केली.

"तुमच्या गाडीचा आरसा माझ्या हद्दीत येतोय."

वासुदेवने माफी मागून गाडी मागे घेतली. त्सोलर बघत राहिला. "अजून," तो म्हणाला. वासुदेवने अजून मागे घेतली. गाडीचं मागचं दार आता पिंपाला टेकून अर्धवटच उघडत होतं. कुंदाने त्या फटीतून एकेक क्रेट तिरका करून बाहेर ओढला. कुणी मदतीला आलं नाही, आणि तिनेही कुणाकडे पाहिलं नाही.

मेज लागलं. वासुदेवने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने फ्राऊ हेगेलेंचा जुना काटा मधोमध ठेवला, पाण्याची पातळी बघायच्या नळीने तो समतोल आहे का ते पाहिलं आणि पहिल्यांदाच जरा हसला.

सव्वासहाला बाजारप्रमुख आला. हेर बेक, म्हणजे बेकसाहेब. उंच, बारीक, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद. त्याने छत्रीचा पाय हलवून पाहिला, भावाची पाटी वाचली, मग काट्याजवळ वाकला आणि बराच वेळ वाकून राहिला.

"आल्झो, तर मग," तो म्हणाला, "हा तपासणीचा शिक्का दोन वर्षांपूर्वी संपलाय."

वासुदेव पुढे झाला. "मी काल रात्री स्वतः तपासलाय काटा. पाचशे ग्रॅमला एका ग्रॅमचाही फरक नाही."

"असेल. पण शिक्का नाही. या काट्यावर आज काही विकता येणार नाही. कृपा करून तो गाडीत ठेवा."

तो पुढच्या मेजाकडे गेला. त्सोलरने सगळं ऐकलं होतं. तो स्ट्रॉबेरीच्या टोपल्या उगाच सरळ करू लागला.

वासुदेवने काटा उचलला आणि तसाच छातीशी धरून उभा राहिला.

"सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या मशीनवरचे स्टिकर तपासले, कुंदा. तारीख संपलेली दिसली की लाइन थांबवायचो. माणसं माझ्यावर वैतागायची. आणि हे मला दिसलं नाही." काटा गाडीत ठेवत म्हणाला, "चल, भरूया परत. पालक सुटा, मुळे सुटे, मेथी सुटी. सगळं वजनावर लिहिलंय."

कुंदा क्रेटांकडे बघत होती. ओतूरच्या आठवडी बाजारात तिच्या आईकडे काटा कधी नव्हताच. पोत्यावर बसून आई भाजी विकायची, आणि तिची भाजी बाजारात सगळ्यांत आधी संपायची.

"थांबा जरा," कुंदा म्हणाली आणि झपाझप चालत तिने हेर बेकला गाठलं. तिचं जर्मन कँटीनमध्ये शिकलेलं होतं. व्याकरण कच्चं, पण शब्द मोकळे.

"काटा नाही. बरोबर. बुंट चालेल?"

बुंट म्हणजे जुडी. हेर बेकने चष्म्यावरून पाहिलं. "जुडी चालेल. नगावर चालेल. भाव पाटीवर हवा."

"वाटाणा?"

"वाटाण्याची जुडी कशी बांधणार? नाही."

"आणि फुकट दिला तर?"

"फुकट द्यायला मला कशाला विचारता," तो म्हणाला. "सातला घंटा होते. चाळीस मिनिटं आहेत तुमच्याकडे."

*

बांधायला दोरा नव्हता. कुंदाने गाडीत शोधलं. क्रेटांच्या तळाशी नवलकोलाला मार लागू नये म्हणून राय धान्याचं लांब काड पसरलेलं होतं. फ्राऊ हेगेले ते दरवर्षी स्ट्रॉबेरीखाली घालायला ठेवायच्या. कुंदाने त्यातलं मूठभर उपसलं, पाण्याच्या बादलीत बुडवलं आणि एक काडी बोटाला गुंडाळून पाहिली. तुटली नाही.

उलट्या क्रेटवर बसून तिने पालकाची मूठ घेतली. देठ मांडीवर आपटून सारखे केले, दोन काड्या जुळवल्या, वेढा दिला, पीळ भरला आणि पिळाचं टोक अंगठ्याने वेढ्याखाली खोचलं. गाठ नाही. जुडी मेजावर टाकली. दुसरी घेतली. शेवटची अशी जुडी तिने सोळाव्या वर्षी बांधली असेल. पण पाचव्या जुडीपासून तिला हाताकडे बघावं लागलं नाही.

वासुदेवने एक बांधून बघितली. ती उचलताच सुटली आणि पानं दगडांवर पांगली. त्याने दुसरी बांधली. तीही सुटली.

"मला नाही जमायचं हे."

"बांधू नका. तुम्ही मुठी करून द्या मला. सगळ्या एकसारख्या आल्या पाहिजेत. एखादी बारीक निघाली तर बायका ती बाजूला सारतात आणि मग ती दिवसभर तशीच पडते."

वासुदेवने बाह्या दुमडल्या. त्याने एक मूठ घेतली, बाजूला ठेवली, दुसरी तिच्याशी ताडून पाहिली. दोन पानं काढली. मग तिसरी. थोड्या वेळाने त्याचे हातही चालू लागले. मुठींची रांग मेजावर लागत होती आणि कुंदा एका टोकाने ती उचलत होती. बोलायला दोघांनाही सवड नव्हती. ओल्या काडाने तिच्या अंगठ्याशेजारची कातडी सोलली, रक्त आलं, तिने ते बादलीत बुचकळलं आणि पुढची जुडी घेतली.

घंटा झाली तेव्हा मेजावर हिरवी उतरंड उभी होती. एका बाजूला पालक, मध्ये शेपू आणि कोथिंबीर, पुढे लाल मुळ्यांच्या जुड्या पाणी मारून चकचकीत केलेल्या, कडेला नवलकोल नगावर. मेथी मागे. वासुदेवने पाटी पुसून नव्याने लिहिली: कोणतीही जुडी दोन युरो.

*

पहिला तास वाईट गेला. माणसं त्सोलरच्या शतावरीपर्यंत यायची आणि तिथूनच वळायची. एका बाईंनी लांबूनच विचारलं, "फ्राऊ हेगेले नाहीत का?" आणि नाही म्हटल्यावर कारंज्याकडे निघून गेल्या. दुसऱ्या एकीने मेथी हातात घेऊन हुंगली.

"ही भारतातून येते का?"

"नाइन, नाही. तीन किलोमीटर." कुंदाने टेकडीकडे हात केला. "तिथं. आज सकाळी."

बाईने तिच्या हाताकडे पाहिलं. नखांत काळी माती होती आणि अंगठ्यावर रक्त सुकलं होतं. तिने मेथी परत ठेवली, पण पालक घेतला.

वासुदेव गाडीच्या आडोशाला उभा होता. भवानी झाली हेही त्याला सांगावं लागलं.

आठच्या सुमारास एक म्हातारा काठी टेकत येऊन थांबला. कुंदा उरलेल्या शेपूच्या जुड्या बांधत होती. तिने एक बांधली, दुसरी बांधली. तो उभाच.

"परत करा," शेवटी तो म्हणाला. "हळू."

कुंदाने त्याला हळू करून दाखवलं. वेढा, पीळ, खोच.

"आमची आई द्राक्षाच्या वेली अशाच बांधायची, विलोच्या फांदीने," म्हातारा म्हणाला. "गाठ मारायची नाही. गाठीने वेल कापते, म्हणायची. साठ वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं." त्याने मागे वळून कुणाला तरी हाक मारली, "लोरे, इकडे ये, हे बघ."

लोरे आली, तिच्यामागून आणखी दोघी आल्या. चौघं थांबलेली दिसली म्हणून पाचवा थांबला. म्हाताऱ्याने शेपूच्या दोन आणि मुळ्याची एक जुडी घेतली. कुंदाने पैसे घेतले आणि वाटाण्याच्या शेंगांची मूठ त्याच्या पिशवीत वरून टाकली.

"हे मी घेतलं नाही."

"घेतलं नाही. ते वर."

"वार?"

तिला त्यासाठी जर्मन शब्द सापडेना. "वर," ती पुन्हा म्हणाली. "विकत नाही. वर."

म्हाताऱ्याने एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकले आणि चावत तिथेच उभा राहिला. "गोड आहेत," तो मागच्या बाईला म्हणाला. मागच्या बाईने पालक घेतला आणि पिशवी उघडी धरून विचारलं, "मला पण वार मिळेल ना?" तिच्या मागच्याने तर मूठ पुढे करून सरळ वारच मागितला. कुंदाला हसू आलं. रांग त्सोलरच्या मेजापुढून वळून कारंज्याच्या दिशेने लागली. रांगेत उभी राहिलेली माणसं त्सोलरची शतावरीही घेऊ लागली, तेव्हा त्याने आपण होऊन त्याची छत्री हातभर मागे सरकवली.

तेवढ्यात वासुदेव एकदम गाडीमागे गेला. कुंदाने मान वळवली. "काय झालं?"

"सत्यजित आलाय. तो बघ, निळ्या टी-शर्टमध्ये." सत्यजित वासुदेवच्या हाताखाली तयार झालेला पोरगा. आता नेकारसुल्मच्या मोठ्या कारखान्यात होता. "मी जरा इथंच थांबतो. तू दे त्याला काय हवं ते."

कुंदाचे दोन्ही हात गुंतले होते, एकात सुटे पैसे, दुसऱ्यात नवलकोल. ती मराठीत, न ओरडता, पण स्पष्ट म्हणाली, "अहो, इथं रांग लागलीये. मला दोनच हात आहेत. ती मेथी तुम्ही पेरली, तुम्ही पाणी दिलं. पुढं या आणि विका."

वासुदेव गाडीच्या आडून बाहेर पडला. मग शर्टाला हात पुसत पुढे आला.

"सर?" सत्यजित थबकला. "तुम्ही इथं?"

"हो. आमचा स्टॉल आहे," वासुदेव म्हणाला. "आमच्या शेतातली मेथी आहे. सकाळी कापलेली."

सत्यजित मेथीकडे बघत राहिला. एक जुडी उचलून त्याने नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "सर, अहो, हे फ्रोझनचं पाकीट नाही. ही खरी मेथी आहे. चार वर्षांत अशी बघितली नाही मी." त्याने सहा जुड्या घेतल्या, मग आणखी चार. "किती वेळ आहात? मी ग्रुपवर टाकतो. हाइलब्रॉनची आपली मराठी मंडळी अजून घरीच असतील."

"साडेबारापर्यंत. पण उरेल असं वाटत नाही," वासुदेव म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून कसं निघालं, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

सत्यजित गेल्यावर तो मागे गेला नाही. पाटीपुढे उभा राहिला. आधी समोरच्याला सांगितल्यासारखं, मग रांगेच्या शेवटापर्यंत जाईल असं तो म्हणू लागला, "ताजा पालक, आज पहाटेचा. शेपू, मुळे, मेथी. काटा नाही, डोळ्यांनी निवडा. सगळ्या जुड्या सारख्या आहेत." एक बाई खरंच दोन जुड्या दोन हातांत धरून तोलू लागली. "गेनाऊ, अगदी बरोबर," वासुदेव तिला म्हणाला, "तपासून घ्या. हवं तर तिसरी पण तपासा." रांगेत हशा झाला. बाईने तिन्ही घेतल्या.

दहानंतर मराठी बोलणं ऐकू येऊ लागलं. कुणी बाळाला कडेवर घेऊन आलं, कुणी सासूबाईंना घेऊन. त्या सासूबाईंनी मेथीचा देठ नखाने मोडून पाहिला आणि सुनेला म्हणाल्या, "कोवळी आहे गं, सगळ्या घे." मेथी हुंगून परत ठेवलेली सकाळची बाई पुन्हा आली. एवढी माणसं हे काय घेतायत, हे तिला कळायला हवं होतं. सासूबाईंनी तिला हातवारे करून भाजी कशी करायची ते मराठीतच सांगितलं. ती मान डोलवत राहिली आणि शेवटची जुडी तिनेच नेली.

*

सव्वाअकराला मेजावर ओलं काड आणि थोडी पानं उरली. मेजामागे कुंदा उभी होती. पाय खांबासारखे जड झाले होते आणि पाठीतून कळ जात होती. सकाळपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. त्सोलर स्ट्रॉबेरीची टोपली घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवून गेला.

फ्राऊ हेगेले टॅक्सीने आल्या. चाकांचा वॉकर ढकलत, दगडांवरून अडखळत त्या टोकाच्या मेजापर्यंत पोचल्या आणि वॉकरच्या बैठकीवर बसल्या. रिकाम्या क्रेटांवरून त्यांनी नजर फिरवली.

"भाजी कुठंय? सगळं परत नेलंत?"

"विकलं," कुंदा म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. वाटाणा वाटला."

म्हाताऱ्या बाईंनी मेजावरचं काडाचं एक वेटोळं उचललं आणि बोटांत फिरवून पाहिलं. मग पिशवीतून फोन काढला, चष्मा चढवला, पुतण्याचा नंबर लावला. बोलणं मोठ्या आवाजात, कारण त्यांना ऐकू कमी यायचं.

"मका दुसरीकडे लाव. शेत मोकळं नाही." पलीकडून काहीतरी बराच वेळ बोलणं झालं. "जागा मिळाली का म्हणून विचारतोयस? थांब, विचारते." त्यांनी फोन तसाच चालू ठेवला आणि मान वळवली. हेर बेक कागदांचा पुठ्ठा घेऊन त्यांच्याकडेच येत होता.

"बेक, हिला जागा मिळाली की नाही? माझा पुतण्या खोळंबलाय."

हेर बेकने एक फॉर्म काढून मेजावर ठेवला. "कारंज्याजवळची. नोव्हेंबरपर्यंत. काट्याला शिक्का मारून आणा, पण जुड्या बंद करू नका. मला आज तीन जणांनी विचारलं, पुढच्या शनिवारी त्या येणार का."

फ्राऊ हेगेलेंनी फोनमध्ये सांगितलं, "मिळाली," आणि बंद केला.

वासुदेवने सवयीने खिशातलं पेन काढून नावाच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. दोन अक्षरं लिहून तो थांबला. ती खोडली, हेर बेककडे दुसरा फॉर्म मागितला आणि पेन कुंदापुढे धरलं.

"तू लिही."

कुंदाने बाटलीतलं पाणी हातांवर ओतलं, ते कुर्त्याला पुसले आणि ती वाकली. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. हळूहळू, एकेक अक्षर, कारण जुड्या बांधून बोटं आखडली होती. तिघंही थांबली होती, कुणी घाई केली नाही. पुढचा रकाना आला: व्यवसाय. तिने मान वर केली.

"इथं तुम्ही काय लिहायचात?" तिने फ्राऊ हेगेलेंना विचारलं.

"बॉयरिन," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. शेतकरीण. "दुसरं काय लिहिणार?"

कुंदाने अक्षरं विचारून घेतली. वासुदेवने ती एकेक करून सांगितली, आणि तिने ती रकान्यात बसवली. शेवटचं अक्षर जरा बाहेर गेलं. खाली सही करून तिने फॉर्म हेर बेकला दिला, एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली आणि पहिला रिकामा क्रेट उचलला. मेथीचे चार वाफे मोकळे झाले होते, आणि ऊन कलायच्या आत त्यांत बी पडायला हवं होतं.